पाठीवरचं मूल पुढे इंदुरात राहिलं : एका मराठी संगीतपटाच्या सात गाण्यांची तपासणी

इंदूरच्या एका हौशी मराठी नाट्यमंडळाने दामोदरराव नेवाळकरांवर संगीतपट करायला घेतला. दामोदरराव म्हणजे झाशीच्या राणीचा दत्तक मुलगा. पन्नास मिनिटं, सात गाणी, संवाद थोडे. संहिता तपासणीला आली तेव्हा चार गाणी रेकॉर्ड झाली होती आणि त्यांतल्या एकाचं चित्रीकरणही उरकलं होतं. मंडळ, त्यातली माणसं आणि हा चित्रपट अभ्यासासाठी रचलेले आहेत. इतिहासाचे तपशील खरे आहेत, आणि अडचणी अशा कामात हमखास येतात त्याच आहेत.

विषयाची निवड उत्तम होती. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली, राणी मुलाला पाठीशी बांधून शहराबाहेर पडली, जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथल्या लढाईत तिला मरण आलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्या मुलाचं पुढे काय झालं, असं विचारलं तर इंदूरकरसुद्धा गप्प बसतात. राणीच्या विश्वासू माणसांनी त्याला दोन वर्षं रानोमाळ सांभाळलं. १८६० मध्ये त्याला इंदूरला इंग्रज एजंटापुढे हजर केलं गेलं. सरकारी तनख्यावर दामोदरराव इंदुरातच वाढले, तिथेच संसार केला आणि २८ मे १९०६ रोजी तिथेच वारले. ज्या मुलाला चित्रकारांनी कायम घोड्यावर बांधून ठेवलं, त्याला छप्पन्न वर्षांचं आयुष्य होतं. ते आयुष्य पडद्यावर आणायचं मंडळाने ठरवलं, याचं मोल मोठं आहे. म्हणूनच तपासणी कसून केली.

गाणी आधी, संवाद मागाहून

इतिहासावरच्या चित्रपटांत तपासणी बहुधा संवादांपासून सुरू होते आणि गाण्यांशी पोचेपर्यंत वेळ संपलेला असतो. कवीला तेवढी सूट असतेच, असं म्हणून गाणी सोडून दिली जातात. हा क्रम उलटा हवा. संवाद विसरले जातात, गाणं पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीला कुणी पुरावा मागत नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ हे पद लिहिलं. ते तुकोबांच्या वळणात इतकं चपखल बसलं की जाणकारांनाही गाथेतलाच अभंग वाटला, आणि अजूनही कितीतरी जण तो तुकोबांचा म्हणून गातात. आठवल्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, आणि पदात कुणावर आळ नव्हता, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. त्याच चालीत एखाद्या खऱ्या माणसाला फितूर ठरवणारी ओळ असती, तर तीही तशीच घरोघरी गेली असती.

राणीच्या बाबतीत हे घडून गेलेलं आहे. तिचं वय तेवीस हे लोकांच्या तोंडी बसलं ते सुभद्राकुमारी चौहानांच्या ‘झाँसी की रानी’ या हिंदी कवितेने. पारसनिसांनी लिहिलेल्या राणीच्या चरित्रातली जन्मतारीख १९ नोव्हेंबर १८३५ धरली तर मृत्यूच्या वेळी बावीस पुरी होऊन तेविसावं चालू होतं. १८२८ हे जन्मसाल मानणारेही आहेत. तसं धरलं तर एकोणतीस. भूमिकेसाठी नटी निवडताना हा सहा-सात वर्षांचा फरक मोठा असतो. मंडळाने एकोणतिशीच्या आसपासची नटी घेतली होती आणि गाण्यात मात्र ‘तेवीस’ म्हटलं होतं. ओळीतून वय काढून टाका, असं सुचवलं. नटी बदलायचं कारण नाही.

गाणी आधी तपासण्याचं दुसरं कारण कामाच्या पद्धतीत आहे. संगीतपटात आधी कच्चा ट्रॅक होतो, मग शब्द ठरतात, मग वाद्यमेळ, मग गायकाचा आवाज, आणि तो आवाज सेटवर वाजवून नट ओठ हलवतात. संवादातली चूक डबिंगला एका वाक्यात सुधारते. गाण्यातला एक शब्द बदलायचा तर तोच गायक, तोच मायक्रोफोन, तीच पट्टी आणि आवाजाचा तोच पोत जमवावा लागतो, शिवाय पडद्यावरचं तोंड आधीच्या शब्दाला हललेलं असतं. म्हणून शब्दांवर सही झाल्याशिवाय गायकाची तारीख घेऊ नये. या मंडळाने उलट केलं होतं: गायिका मुंबईहून दोन दिवसांसाठी येणार होती, म्हणून इतिहासाचं वाचन संपायच्या आत रेकॉर्डिंग उरकलं. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका निर्णयात आहे.

तक्ता कसा भरला

प्रत्येक गाण्याला स्वतंत्र कागद. पहिल्या रकान्यात ओळ, दुसऱ्यात त्या ओळीतलं विधान साध्या गद्यात, तिसऱ्यात आधार, चौथ्यात तीनपैकी एक खूण: नोंद, परंपरा किंवा कल्पना. पाचव्या रकान्यात ‘हे कुणाला लागतं’ याचं उत्तर.

यातलं खरं काम दुसऱ्या रकान्याचं. चालीत ऐकताना ओळ नुसती गोड लागते. गद्यात उतरवली की तिने काय ठोकून दिलं ते दिसतं. ‘वाऱ्यावरती स्वार निघाली’ यात तपासण्यासारखं काही नाही. ‘फितुराने दार उघडले’ हे मात्र भलंमोठं विधान आहे: दार आतून उघडलं गेलं, ते एका माणसाने उघडलं आणि त्याने ते दगाबाजीने केलं. झाशीच्या ओरछा दरवाजाबद्दल अशी कथा आहे आणि तिच्यात एका माणसाचं नावही येतं. कविराजांनी ते नाव धृपदात घातलं होतं, म्हणजे ते गाण्यात सात वेळा येणार होतं. खूण पडली ‘परंपरा’, पाचव्या रकान्यात ‘नावानिशी आरोप’. नाव काढलं.

मंडळासाठी नियम असा ठरवला. ज्या गोष्टी कुणाला कळूच शकत नाहीत, म्हणजे मुलाची भीती, रात्रीचं स्वप्न, आईची आठवण, तिथे कवीने हवी तेवढी कल्पना लढवावी. नाव नसलेली पात्रं खुशाल रचावीत. पण नाव असलेल्या माणसाच्या माथी गुन्हा, भ्याडपणा किंवा लबाडी मारायची तर नोंदच हवी. परंपरा पुरत नाही. आणि खरोखर मारली गेलेली माणसं गाण्याला अडचणीची होतात म्हणून गाळायची नाहीत.

जल्लोषाचं गाणं आणि झोकनबाग

हा शेवटचा नियम पहिल्याच गाण्याला लागला. गाणं जून १८५७ मधलं: कंपनी सरकारचा अंमल उठतो, झाशीत पुन्हा राणीचं राज्य, समूहगान, गुलाल, ढोल. चाल फार देखणी आहे. पण त्याच दिवसांत, ८ जूनला, किल्ल्यातून बाहेर आलेल्या इंग्रजांची बायकामुलांसह झोकनबागेत कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा साठच्या आसपास. राणीने सागरचे कमिशनर अर्स्किन यांना पाठवलेल्या पत्रांत हे शिपायांचं कृत्य असल्याचं सांगून त्याचा धिक्कार केला. पुढे इंग्रजांनी ठपका तिच्यावरच ठेवला.

या वादाचा निकाल चित्रपटाने द्यावा, अशी अपेक्षा नाही. मात्र त्याच आठवड्यातला जल्लोष चार मिनिटं दाखवायचा आणि कत्तलीचा उच्चारही करायचा नाही, हे चालणार नाही. दिग्दर्शिकेने सुचवलं की तिसऱ्या कडव्यात दोन ओळी घालू. ते योग्य झालं नसतं. त्याच ठेक्यावर, त्याच कोरसच्या तोंडी मृत्यूची बातमी आली की ऐकणाऱ्याला तीही जल्लोषाचाच भाग वाटते, मग शब्द कितीही करुण असोत. उपाय असा: तिसरं कडवं संपण्याआधीच समूह थांबतो, ढोल अर्ध्यावर तुटतो, चाळीस सेकंद नुसता तंबोरा. राणी चिटणीसाला पत्र सांगते आहे, मजकूर पत्रांतल्या आशयाचा, गायन नाही. मग गाणं पुन्हा सुरू होत नाही. सुदैवाने हे गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं, त्यामुळे खर्च शून्य.

दुसरं गाणं झाशीच्या लुटीचं आणि त्याला फारसा हात लावावा लागला नाही. आधार आहे विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’चा. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. बायजाबाई शिंद्यांनी मथुरेला योजलेल्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. शहरातली लूट आणि कत्तल त्यांनी स्वतः भोगली. एक सूचना केली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेल्या आवृत्तीत त्यांचा हात फिरलेला आहे. दत्तो वामन पोतदारांनी मूळ लेखन १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. शब्द उचलायचे तर पोतदारांच्या प्रतीतून. आणि गोडसे ग्वाल्हेरच्या लढाईत नव्हते. कवीने त्यांना तिथेही साक्षीला उभं केलं होतं, ते कडवं गेलं.

‘पाठीला बांधले बाळ’

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या गाण्याने घेतला, कारण ते रेकॉर्ड झालेलं, चित्रित झालेलं आणि सगळ्यांचं लाडकं होतं. चार कडवी, पहिल्या दोनांत झाशीतून सुटका, तिसऱ्यात काल्पी, चौथ्यात ग्वाल्हेरचं मरण. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ फिरून येते: ‘पाठीला बांधले बाळ’.

पहिल्या दोन कडव्यांत ही ओळ शोभते. राणी मूल पाठीशी बांधून झाशीतून निघाली, असं गोडसेही लिहितात. किल्ल्याच्या तटावरून घोड्यासकट उडी ही लोककथा आहे. तिला ‘परंपरा’ अशी खूण करून ठेवली, कारण तिने कुणाचं वाईट होत नाही. चौथ्या कडव्यात मात्र अडचण आहे. शेवटच्या लढाईच्या वृत्तांतांत मूल तिच्या पाठीवर नाही. त्याला सांभाळणाऱ्यांत रामचंद्रराव देशमुखांचं नाव येतं. पुतळे आणि चित्रं झाशीची रात्र आणि ग्वाल्हेरचा दिवस एकत्र करतात, आणि गाण्यानेही तेच केलं होतं. एरवी हे खपलं असतं. या चित्रपटात खपत नाही, कारण पुढची अर्धी गोष्ट त्या मुलाला वाचवणाऱ्या माणसांची आहे. मूल पाठीवर ठेवलं की देशमुख आणि त्यांचे सोबती गोष्टीतून गळतात, आणि ‘मग ते मूल वाचलं कसं’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात राहतो.

चौथं कडवं पुन्हा गाऊन घ्यायचं ठरलं, पण चित्रीकरण वाया जाऊ द्यायचं नव्हतं. क्लोज-अपमध्ये राणी ही ओळ स्वतः म्हणते. संगीतकार नाखूश होता.

‘काका, ओळ बदलली की समेवर यायचे वांधे होतील.’

‘समेचं मी बघतो. तू मला ओठ कुठे मिटतात तेवढं सांग,’ कवी म्हणाले.

कवींचा प्रश्न नेमका होता. जुन्या तोंडावर नवा शब्द बसवायचा तर आधी प, फ, ब, भ, म शोधायचे. या अक्षरांना ओठ मिटतात आणि ते लांबूनही दिसतं. त, द, ल, र, स तोंडाच्या आत होतात. त्यांची अदलाबदल सहसा कळत नाही. मग मात्रा. ‘पाठीला’ सहा, ‘बांधले’ पाच, ‘बाळ’ तीन, एकूण चौदा. ओठ मिटतात पा, बां आणि बा वर. कवींनी दिलेली ओळ: ‘मागल्या बाजुला बाळ’. सहा, पाच, तीन. ओठ मिटतात मा, बा आणि बा वर. ‘बाजुला’तला जु ऱ्हस्व ठेवला, म्हणजे ‘बांधले’सारखीच गुरू-लघू-गुरू चाल राहिली. पडद्यावर लावून पाहिलं तेव्हा एकाच जागी, ‘मागल्या’च्या ‘ल्या’ला, आवाज तीन फ्रेम उशिरा पडत होता. दोन फ्रेमपर्यंतचा फरक डोळा सोडून देतो; त्यापुढे खटकतं. तो तुकडा संपादनात थोडा आधी आणला आणि ओळ बसली.

दूरची दृश्यं मात्र पुन्हा घ्यावी लागणार, मूल एका वयस्क स्वारासोबत दाखवून. त्यासाठी दोन परवानग्या मंडळाच्या यादीतच नव्हत्या. घोडा वापरायचा तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. शूटिंग झाल्यावर ती मिळत नाही. बालकलाकारासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलाला धावत्या घोड्यावर माणसाच्या पाठीला खरंच बांधायचं नाही. घोडा पडला तर बांधलेल्या मुलाला सुटता येत नाही. थांबलेल्या घोड्यावर जवळचं दृश्य घ्या आणि दौडीत कपड्यांचा बाहुला वापरा. दूरच्या दृश्यात फरक कळत नाही.

याच गाण्यात ‘अठरा जून’ असा शब्द होता. लढाईची तारीख इंग्रजी कागदांत १७ जून येते, आपल्याकडे पुण्यतिथी १८ ला मानतात. ग्वाल्हेरला समाधीपाशी दोन्ही दिवस मेळा भरतो. सतरा आणि अठरा दोन्ही चार मात्रांचे, दोन्हींत ओठ मिटत नाहीत, म्हणजे कुठलाही शब्द बसवता येतो. तिथी घातली तरी वाद सुटत नाही: ज्येष्ठ शुद्ध सप्तमी म्हटलं की अठरा तारीख आली. ओळीतून तारीखच काढावी, असं आम्ही सुचवलं. त्या क्षणी तारखेची गरज ना राणीला आहे ना ऐकणाऱ्याला. कोरसमधला ‘वंदे मातरम्’चा घोषही काढला. ते गीत ‘आनंदमठ’मधून १८८२ मध्ये लोकांसमोर आलं, १८५८ च्या स्वारांच्या तोंडी ‘हर हर महादेव’ पुरेसं आहे. सुभद्राकुमारींच्या कवितेचं धृपद इथे घालावं, असाही आग्रह होता. कवयित्री १९४८ मध्ये गेल्या, त्यामुळे साठ वर्षांची मुदत संपून शब्द २००९ पासून मोकळे आहेत. लोकप्रिय चाली आणि रेकॉर्डिंग मोकळी असतीलच असं नाही. हक्काचा प्रश्न सुटला तरी राणी जिवंत असताना तिच्यावरची विसाव्या शतकातली कविता तिच्या सैनिकांनी म्हणू नये.

मुलाच्या तोंडचा ‘मी’

चौथं आणि पाचवं गाणं रानातल्या दोन वर्षांचं. आधार एकच: दामोदररावांचं म्हणून छापलं गेलेलं आत्मकथन, जे य. न. केळकरांच्या ‘इतिहासाच्या सहली’त आहे. त्यात आसरा नाकारणारी गावं, संपत आलेला पैसा, आईचे सोन्याचे तोडे, नन्हेखान रिसालदाराची मध्यस्थी असे तपशील येतात. पुस्तक आलं दामोदररावांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. एवढ्या उशिरा, दुसऱ्याच्या हातून आलेल्या मजकुराला ‘नोंद’ म्हणता येणार नाही. ‘परंपरा’ म्हणून वापरता येईल.

पाचवं गाणं ‘मी’मध्ये आहे: आठ-नऊ वर्षांचा मुलगा आईचे तोडे विकले जाताना गातो. संबंध चित्रपटातलं हे सर्वांत चांगलं लेखन. ते बदलू नये असंच आमचं मत पडलं, पण एक भेद सांभाळून. तोडे विकले हे कथनात आहे. ते हातातून काढताना मुलाला काय वाटलं हे कवीचं आहे. दोन्ही एकाच ‘मी’त आले की ऐकणारा सगळंच दामोदररावांचे शब्द म्हणून धरतो. म्हणून गाण्याआधी प्रौढ दामोदररावांच्या आवाजात कथनावर बेतलेली दोन वाक्यं गद्यात येतील, आणि गाणं सुरू होताना तो आवाज थांबून मुलाचा आवाज येईल. श्रेयनामावलीत या गाण्यापुढे ‘कविकल्पना’ असं स्पष्ट लिहायचं.

चौथ्या गाण्यात गावकऱ्यांना भेकड म्हटलं होतं. गावाला नाव नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं, तरीही ते मान्य करू नये. बंडवाल्यांना जेवू घातलं म्हणून फासावर जाण्याचे, गाव जाळलं जाण्याचे ते दिवस होते. दार न उघडणाऱ्या बाईच्या घरातही मुलं असणार. सूचना अशी की तिसरं कडवं दाराच्या आतल्या बाईला द्या. संगीतपटात ज्याला कडवं मिळतं त्याची बाजू प्रेक्षकाला कळते. ज्याला मिळत नाही तो नुसता अडथळा होऊन राहतो. ‘साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) या एका खऱ्या कुटुंबावरच्या इंग्रजी संगीतपटात कुटुंब डोंगर चढून निसटतं, खरं कुटुंब आगगाडीने इटलीला गेलं होतं. त्या बदलाने कुणाचं बिघडलं नाही. पण प्रेमळ बापाला सुरुवातीला कडक आणि कोरडा दाखवलं, ते त्यांच्या मुलांना शेवटपर्यंत लागून राहिलं.

इंदूर

सहावं गाणं रेसिडेन्सीतलं, म्हणजे इंग्रज एजंटाच्या ठाण्यातलं. एजंट त्या वेळी सर रिचमंड शेक्सपियर. संहितेत तो मोडक्या हिंदीत विनोदी गाणं म्हणत मुलाची टर उडवतो. याला आधार काय, असं विचारल्यावर मंडळाच्या टिपणांत काही सापडलं नाही. साहेबाला विदूषक केला की अन्याय एका वाईट माणसाच्या स्वभावातून आला, असं होतं. खरा अन्याय कागदावर झाला होता. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतलं. १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. हेच गाण्यात आणा: दोन कारकून, एकाच सुरात, पत्रव्यवहाराची कोरडी भाषा, ताल झपाट्याचा, आणि मधे उभा मुलगा ज्याला त्यातलं अक्षर कळत नाही. हे गाणं रेकॉर्ड झालेलं होतं. ते पूर्ण रद्द करावं लागलं, दुसरा मार्ग नव्हता.

याच दृश्यात १८६० चं इंदूर दाखवताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची स्मारकं, चौकटीत आल्या होत्या. तुकोजीराव दुसऱ्यांची छत्री त्यांच्या मृत्यूनंतरची, म्हणजे १८८६ च्या पुढची. लालबाग महालही तेव्हा नव्हता. राजवाडा चालेल, विजेच्या तारा झाकून. सातव्या गाण्यात, १९०६ मध्ये, छत्र्या दाखवता येतात आणि आज ज्याला गांधी हॉल म्हणतात तो किंग एडवर्ड हॉलही, कारण तो १९०४ चा. तिसऱ्या गाण्यातून काढलेला ‘वंदे मातरम्’ इथे शोभतो: वंगभंगाच्या चळवळीने तो घोष तेव्हा सगळीकडे नेला होता. तो रस्त्यावरच्या तरुणांच्या तोंडी असू द्या. तनख्यावर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी घातला तर एका खऱ्या माणसाचं राजकीय मत आपण ठरवल्यासारखं होईल.

वाद्यांबद्दल एवढंच. पात्र गोष्टीच्या आत खरोखर गात असेल, म्हणजे कीर्तन, ओवी, मैफल, तर वाद्यं त्या काळचीच हवीत: तंबोरा, सारंगी, पखवाज, तबला. हातपेटी १८५८ च्या दृश्यात दिसू नये. ती आपल्याकडे रुळली त्यानंतर. पात्र मनातलं गात असेल तेव्हा वाद्यमेळ आजचा असला तरी हरकत नाही. नाट्यपदाचा ढंगही तसाच. ‘संगीत शाकुंतल’ १८८० चं, पण ढंग हा सांगण्याचा प्रकार आहे, ते घटनेबद्दलचं विधान नव्हे.

पाटी, क्लिप आणि घराणं

‘हा चित्रपट सत्य घटनांवर आधारित असून काही प्रसंग काल्पनिक आहेत’ ही सुरुवातीची पाटी उपयोगाची नाही. कुठले प्रसंग, हे ती सांगत नाही, आणि गाणी क्लिप होऊन फोनवर फिरतात तेव्हा पाटी मागे राहते. म्हणून प्रत्येक गाण्याच्या व्हिडिओतच शेवटची सहा सेकंद मजकुराला द्यायची: या गाण्यात नोंद काय, परंपरा काय, कल्पना काय, तीन ओळींत. चौकटीच्या डाव्या-उजव्या कडांना लिहू नये; फोनवर उभ्या आकारात कापताना त्याच कडा जातात. तोच मजकूर व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या दोन ओळींत, ‘अधिक’ दाबावं लागणार नाही असा. सभागृहात तिकीट लावून दाखवायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल, तेव्हा पाट्यांसकट अंतिम प्रतच पाठवायची.

दामोदररावांचे वंशज आहेत. त्यांची परवानगी कायद्याने लागत नाही, आणि इतिहास कुणा एका घराण्याच्या मालकीचा नसतो. तरी मृत व्यक्तीवर नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप फौजदारी बदनामीत येऊ शकतो. ही भीती नसती तरी पाचवं गाणं त्यांच्या घरातल्या माणसाच्या तोंडी ‘मी’ घालतं. ते त्यांनी यूट्यूबवर पहिल्यांदा ऐकावं, हे बरं दिसत नाही. पत्र असं लिहावं: चौथ्या, पाचव्या आणि सातव्या गाण्याचे शब्द सोबत, तक्त्याचे ते तीन कागद सोबत, चूक दाखवली तर दुरुस्त करू, माहिती दिली तर ऋणनिर्देशात नाव घालू, मत वेगळं पडलं तर निर्णय मंडळाचा. मुदत पंधरा दिवस. ‘आपल्या आशीर्वादाने’ असलं काही छापायचं नाही, तसं त्यांनी लेखी दिल्याशिवाय.

मंडळाने सहावं गाणं नव्याने लिहायला घेतलं आहे. पहिल्या गाण्याचा तुटलेला ढोल आणि तिसऱ्याची बदललेली ओळ मान्य झाली. दूरच्या दृश्यांचं चित्रीकरण परवानग्या हाती येईपर्यंत पुढे ढकललं. चौथ्या गाण्यातल्या बाईच्या कडव्यावर एकमत झालेलं नाही: दिग्दर्शिकेला ते हवं आहे, संगीतकाराच्या मते गाण्याची लय तिथे मोडते. दोन्ही प्रकारे कच्चा ट्रॅक करून ऐकायचा आणि मग गायिकेची तारीख घ्यायची, असं ठरलं आहे.